१९८० ते १९८४ चे ब्रिटिश-अमेरिकन पॉप चार्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने चार्ट, म्हणजे आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवार याद्या, आता मोबाइलवर सहज सापडतात. घोळ होतो तो वाचताना. ब्रिटनमधला सातवा क्रमांक आणि अमेरिकेतला सातवा क्रमांक हे एकाच मापाचे आकडे समजले जातात, तारखा जुळत नाहीत, आणि ‘गोल्ड डिस्क मिळाली म्हणजे इतक्या प्रती खपल्या’ असा हिशेब मांडला जातो. खाली मुख्यतः दोन चार्ट घेतले आहेत: बीबीसीवर लागणारा ब्रिटिश सिंगल्स चार्ट आणि अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाचा ‘हॉट १००’.

दोन्ही चार्ट एकच गोष्ट मोजत होते का?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे. ब्रिटनचा चार्ट फक्त विक्रीवर चालायचा. दुकानात सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड) विकली गेली तर मोजली. रेडिओवर गाणं दिवसाला दहा वेळा वाजलं तरी त्याचा थेट फायदा शून्य. ‘हॉट १००’ मध्ये दुकानांकडून आलेली विक्रीची माहिती आणि रेडिओ केंद्रांच्या प्लेलिस्ट यांचे गुण एकत्र केले जायचे.

म्हणून ब्रिटनमध्ये गाणी झपाट्याने चढतात आणि तितक्याच झपाट्याने उतरतात. अमेरिकेत ती रेंगाळतात, कारण रेडिओ केंद्र एखादं गाणं एका आठवड्यात सोडून देत नाही. सॉफ्ट सेलचं ‘टेंटेड लव्ह’ पाहा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९८१ मध्ये दोन आठवडे पहिलं. अमेरिकेत ते आठव्या क्रमांकाच्या वर कधी गेलं नाही, पण ‘हॉट १००’ मध्ये ४३ आठवडे टिकलं आणि तो त्या वेळचा विक्रम होता. यातलं मोठं यश कुठलं, हे तुम्ही काय मोजता त्यावर ठरेल. आम्ही ४३ आठवड्यांना जास्त वजन देऊ.

ब्रिटनमध्ये आठवड्याचा चार्ट प्रत्यक्ष कसा तयार व्हायचा?

१९८२ संपेपर्यंत हे काम ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरोकडे होतं. त्यांनी ठरवलेल्या काहीशे दुकानांना एक डायरी दिलेली असे. सिंगल विकली की काउंटरवरच्या माणसाने तिचा कॅटलॉग क्रमांक हाताने डायरीत लिहायचा. सोमवार ते शनिवारच्या नोंदी झाल्या की डायरी ब्युरोकडे रवाना. तिथे मोजणी होई, नमुन्यातल्या दुकानांवरून देशभराचा अंदाज काढला जाई आणि मंगळवारी दुपारी बीबीसीच्या रेडिओ वन केंद्रावर नवा चार्ट जाहीर होई. गुरुवारी संध्याकाळी बीबीसी दूरचित्रवाणीवर चार्टमधल्या गाण्यांचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम, आणि रविवारी संध्याकाळी रेडिओ वनवर चाळीसपासून एकपर्यंत उलटी मोजणी.

चक्राचा हा क्रम लक्षात ठेवला की चार्टमधल्या बऱ्याच उड्या उलगडतात. ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये सहसा चढती गाणीच घेत. गुरुवारी कार्यक्रमात दिसलेलं गाणं शुक्रवार-शनिवारी विकलं जाई आणि मंगळवारी वर सरकलेलं दिसे. फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं ‘रिलॅक्स’ नोव्हेंबर १९८३ मध्ये चार्टच्या तळाशी शिरलं आणि आठवडेच्या आठवडे खालीच घुटमळत राहिलं. ५ जानेवारी १९८४ ला बँड कार्यक्रमात आला तेव्हा गाणं ३५ व्या क्रमांकावर होतं. पुढच्याच चार्टमध्ये ते सहावं झालं.

उलट बाजूने, १९८० च्या उन्हाळ्यात वादकांच्या संघटनेच्या संपामुळे हा कार्यक्रम काही आठवडे बंदच होता. त्या काळातल्या चार्टची दुसऱ्या महिन्यांशी तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

१९८३ च्या आधीचे आणि नंतरचे ब्रिटिश चार्ट वेगळे का वाटतात?

जानेवारी १९८३ पासून काम गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडे गेलं. डायरीच्या जागी दुकानात छोटं यंत्र आलं. विक्रेता क्रमांक यंत्रात टाइप करायचा आणि माहिती टेलिफोनच्या तारेवरून गॅलपच्या संगणकाकडे जायची. हस्ताक्षर न लागणं, टपाल उशिरा पोहोचणं, शनिवारी गर्दीत नोंदी राहून जाणं, हे सगळं कमी झालं.

यादीची लांबीही बदलली. मे १९७८ पासून चार्ट ७५ गाण्यांचा होता. गॅलपच्या काळात तो १०० पर्यंत वाढला, पण ७६ ते १०० या पट्ट्याला वेगळे नियम होते: घसरणीला लागलेली गाणी तिथून वगळली जात. त्यामुळे कोणी ‘गाणं ८८ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं’ म्हणालं तर त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. ७५ च्या आतलं पक्कं धरा.

चार्टमध्ये हेराफेरी होत होती म्हणतात. खरं आहे का?

होत होती. नमुन्यातली दुकानं कोणती, हे गुपित राहायला हवं होतं; ते राहिलं नाही. एकदा यादी फुटली की कंपनीचा प्रतिनिधी नेमक्या त्याच दुकानांत जायचा. फुकट रेकॉर्ड द्यायच्या, भेटवस्तू द्यायच्या आणि त्या बदल्यात डायरीत न झालेल्या विक्रीच्या चार-सहा ओळी लिहून घ्यायच्या. दुसरा प्रकार म्हणजे माणसं पाठवून त्याच दुकानांतून स्वतःचीच रेकॉर्ड विकत आणायची. १९८० मध्ये ग्रॅनाडा टीव्हीच्या ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने हा प्रकार उघडपणे दाखवला.

याचा परिणाम कुठे शोधायचा? पहिल्या दहात नव्हे. तिथे आठवड्याला हजारोंनी प्रती खपत, त्यामुळे डायरीतल्या शे-दोनशे खोट्या नोंदींनी फारसं काही हलत नसे. खरी मारामारी ४० ते ७५ मध्ये होती. तिथे दोन शेजारच्या क्रमांकांत विक्रीचा फरक अगदी किरकोळ असे आणि चाळीसच्या आत शिरलं की रेडिओचं दार उघडत असे. एखादं गाणं ४५ वर येऊन दुसऱ्या आठवड्यात गायब झालं असेल तर शंका घ्यायला हरकत नाही. पुराव्याशिवाय आरोप मात्र करू नये. चाहत्यांनी पहिल्याच आठवड्यात विकत घेऊन संपवलेली सिंगलही अशीच दिसते.

अमेरिकेत आकडे खरे होते का?

‘आकडे’च नव्हते. दुकानं बहुधा प्रतींची संख्या सांगत नसत. आपल्याकडे काय जास्त विकलं जातंय याचा क्रम सांगत. रेडिओ केंद्रं आपापल्या प्लेलिस्ट देत. या सगळ्याला गुण देऊन बेरीज व्हायची. बारकोड वाचून मोजलेली विक्री आणि यंत्राने ऐकून नोंदवलेलं प्रसारण ‘हॉट १००’ मध्ये आलं ते नोव्हेंबर १९९१ मध्ये. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या ‘हॉट १००’ वरून प्रतींचा हिशेब काढायचा प्रयत्न करू नका. तो निघत नाही.

आणखी एक अट होती. गाणं सिंगल म्हणून दुकानात उपलब्ध असल्याशिवाय ते या यादीत येत नसे. रॉक केंद्रांवर अल्बममधली जी गाणी दणकून वाजत, त्यांच्यासाठी ‘बिलबोर्ड’ने मार्च १९८१ मध्ये वेगळा चार्ट सुरू केला. तुमच्या आवडीचं एखादं रॉक गाणं ‘हॉट १००’ मध्ये सापडत नसेल तर आधी तिथे बघा.

चार्टवर लिहिलेली तारीख नेमकी कशाची?

शनिवारची, म्हणजे आठवडा संपण्याची. विक्री त्याच्या आधीच झालेली असते. ब्रिटनमध्ये समजा चार्टवर २० डिसेंबर १९८० लिहिलं आहे: विक्री ८ ते १३ डिसेंबरची, घोषणा मंगळवार १६ ची, तारीख २० ची. म्हणजे आठवडाभराचा फरक. अमेरिकेत माहिती गोळा होणं आणि अंक छापणं धरून तो आणखी वाढतो.

वाढदिवसाच्या दिवशी पहिलं गाणं कुठलं होतं, हे शोधणाऱ्यांची फसगत इथेच होते. ब्रिटनपुरता साधा नियम असा: ‘त्या दिवशी लोक काय विकत घेत होते’ हे हवं असेल तर त्या दिवसानंतरचा पहिला शनिवार सोडून त्याच्या पुढचा घ्या. ‘त्या दिवशी रेडिओवर चार्ट म्हणून काय चाललं होतं’ हे हवं असेल तर मंगळवार दुपार ही सीमा धरा.

जॉन लेननच्या मृत्यूनंतरचे चार्ट इतके विचित्र का दिसतात?

वर दिलेली तारीख मुद्दाम निवडली आहे. लेननची हत्या ८ डिसेंबर १९८० ला रात्री न्यूयॉर्कमध्ये झाली. त्याचं ‘स्टार्टिंग ओव्हर’ हे गाणं ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत जाऊन २१ पर्यंत घसरलं होतं, म्हणजे संपल्यातच जमा होतं. २० डिसेंबरच्या चार्टमध्ये ते थेट पहिलं. मग नाताळात सेंट विनिफ्रेड्स या शाळेच्या मुलींचं आजीवरचं गाणं दोन आठवडे पहिलं. (लोक अजूनही यावर चिडतात, पण नाताळच्या आठवड्यात रेकॉर्ड विकत घेणारा माणूस वर्षभर घेणारा नसतो.) त्यानंतर लेननचीच ‘इमॅजिन’ चार आठवडे आणि ‘वुमन’ दोन आठवडे. ‘इमॅजिन’ ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून १९७५ मध्ये आली होती आणि तेव्हा सहावी आली होती.

अमेरिकेत असा झटका दिसत नाही. तिथे ‘स्टार्टिंग ओव्हर’ आधीच चढतीवर, पहिल्या दहात होतं. ते २७ डिसेंबरला पहिलं झालं आणि पाच आठवडे राहिलं. एकाच घटनेचे हे दोन आलेख समोरासमोर ठेवले तर विक्रीचा चार्ट आणि विक्री-अधिक-रेडिओचा चार्ट यातला फरक डोळ्यांना दिसतो.

‘वुमन’नंतर जो डॉल्चेचं ‘शडाप यू फेस’ तीन आठवडे पहिलं होतं. या दोघांमागे अल्ट्राव्हॉक्सचं ‘व्हिएन्ना’ दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडलं. चार्टच्या अन्यायाचं उदाहरण म्हणून हे नेहमी देतात. आमच्या मते त्यात अन्याय वगैरे काही नाही. चार्ट गाण्याला गुण देत नाही, पावत्या मोजतो.

‘फिजिकल’ दहा आठवडे पहिलं होतं, हा आकडा बरोबर आहे का?

बरोबर आहे, पण त्यातला एक आठवडा न छापलेल्या चार्टचा आहे. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं हे गाणं २१ नोव्हेंबर १९८१ ते २३ जानेवारी १९८२ या दहा शनिवारांना ‘हॉट १००’ मध्ये पहिलं होतं. ‘बिलबोर्ड’ वर्षअखेरीला जोडअंक काढे आणि मधल्या एका आठवड्याचा अंक निघत नसे. त्या आठवड्यासाठी आधीचाच चार्ट पुन्हा धरला जातो. २ जानेवारी १९८२ हा तसा आठवडा. वर्ष उलटताना वर असलेल्या प्रत्येक गाण्याला अशी एका आठवड्याची भर मिळते. ब्रिटनमध्येही सेंट विनिफ्रेड्सच्या दोन आठवड्यांपैकी दुसरा असाच, पुन्हा वाचलेल्या चार्टचा.

या काळात ज्याचं नशीब फुटलं तो फॉरेनर बँड. ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ २८ नोव्हेंबर ते ३० जानेवारी असं दहा आठवडे दुसरं राहिलं. त्यातले नऊ ‘फिजिकल’मागे, आणि ते एकदाचं बाजूला झालं, तर हॉल अँड ओट्स पुढे घुसले.

ब्रिटनमध्ये ‘फिजिकल’ सातव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही.

त्या काळी थेट पहिल्या क्रमांकावर येणं किती दुर्मीळ होतं?

ब्रिटनमध्ये फार. मार्च १९८० मध्ये द जॅमचं ‘गोइंग अंडरग्राउंड’ थेट पहिलं आलं. असं १९७३ नंतर प्रथमच घडलं होतं. त्यानंतर १९८४ अखेरपर्यंत हे जमलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: ‘द पोलीस’ या बँडचं ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’ (१९८०), ॲडम अँड द अँट्सचं ‘स्टँड अँड डिलिव्हर’ (१९८१), जॅमचीच ‘टाउन कॉल्ड मॅलिस’ आणि ‘बीट सरेंडर’ (दोन्ही १९८२), ड्युरान ड्युरानचं ‘इज देअर समथिंग आय शुड नो’ (१९८३), फ्रँकीचं ‘टू ट्राइब्ज’ आणि बँड एड या कलाकारांच्या गटाचं ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ (दोन्ही १९८४). अमेरिकेत एकही नाही. तिथली गुणपद्धतच अशी होती की पहिल्या आठवड्यात सगळी केंद्रं आणि सगळी दुकानं एकदम जुळणं शक्य नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये हे जवळजवळ दर आठवड्याला होऊ लागलं. म्हणून ‘थेट पहिला’ हा शिक्का वेगवेगळ्या दशकांत एकाच किमतीचा धरू नये.

सात इंची, बारा इंची, कॅसेट: सगळ्यांची विक्री एकत्र मोजायचे का?

हो, एकाच सिंगलची वेगवेगळी रूपं असतील तर एकत्र. यावरूनच १९८२ मध्ये वाद झाला. द जॅमने ‘टाउन कॉल्ड मॅलिस’ सात इंची तबकडीवर स्टुडिओतलं आणि बारा इंचीवर कार्यक्रमात रेकॉर्ड केलेलं असं दोन रूपांत काढलं. निष्ठावान चाहत्यांनी दोन्ही घेतली. त्यामागे स्ट्रँगलर्सचं ‘गोल्डन ब्राउन’ दुसऱ्या क्रमांकावर अडकलं आणि त्यांच्या ईएमआय कंपनीने दोन्ही रूपं एकत्र मोजायला हरकत घेतली. हरकत चालली नाही. फ्रँकीच्या कंपनीने त्यातून धडा घेतला असावा, कारण १९८४ मध्ये ‘टू ट्राइब्ज’ची नवनवी मिश्रणं (रिमिक्स) बाजारात येत राहिली आणि गाणं नऊ आठवडे पहिलं राहिलं. ‘रिलॅक्स’ही मागून चढत दुसऱ्या क्रमांकावर आलं.

उलट टोकाला न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ (मार्च १९८३). ते फक्त बारा इंचीवर होतं आणि लांबी साडेसात मिनिटं. पहिल्या फेरीत बारावं, ऑक्टोबरमध्ये परत वर येऊन नववं. बारा इंची सिंगलमध्ये त्याच्याइतका खप दुसऱ्या कुठल्याच गाण्याला लाभला नाही. तरी त्या वेळी त्याला गोल्ड डिस्क नाही, कारण फॅक्टरी ही त्यांची कंपनी ती देणाऱ्या संघटनेची सभासद नव्हती.

बाहेरून आयात केलेल्या प्रतीही मोजल्या जात. जॅमचं ‘दॅट्स एंटरटेनमेंट’ १९८१ मध्ये जर्मनीहून आलेल्या प्रतींच्या जोरावर २१ वं आलं.

गोल्ड आणि प्लॅटिनमचा अर्थ?

हे खपाच्या टप्प्यांसाठी दिले जाणारे सन्मान. १९८९ पूर्वी ब्रिटनमध्ये सिंगलसाठी सिल्व्हर २,५०,०००, गोल्ड ५,००,००० आणि प्लॅटिनम १०,००,०००. अमेरिकेत गोल्ड १० लाख, प्लॅटिनम २० लाख. पुढे दोन्हीकडे निकष खाली आणले गेले, त्यामुळे १९८२ चं गोल्ड आणि १९९२ चं गोल्ड वेगवेगळं. आणि हा आकडा कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालाचा असतो, गिऱ्हाइकाने घेतलेल्या प्रतींचा नाही.

बंदी घातली की गाणं वर जातं का?

‘रिलॅक्स’च्या बाबतीत तसं सांगितलं जातं, पण क्रम नीट पाहा. जानेवारी १९८४ मध्ये बीबीसीच्या एका निवेदकाने गाणं वाजवायला नकार दिला आणि मागोमाग बीबीसीने बंदी घातली. त्या वेळी गाणं आधीच सहाव्या क्रमांकावर होतं आणि वेगाने चढत होतं. पुढे दुसरं, मग पाच आठवडे पहिलं. बंदीने आगीत तेल ओतलं. ठिणगी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ची होती. गंमत म्हणजे देशातलं पहिलं गाणं त्याच कार्यक्रमाला दाखवता येईना. क्वीनचं ‘रेडिओ गा गा’ त्यामागेच दुसऱ्या क्रमांकावर थांबलं.

अमेरिकेत १९८२-८३ मध्ये अचानक इतके ब्रिटिश बँड कुठून आले?

एमटीव्हीमुळे. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाली आणि चोवीस तास दाखवण्याइतके व्हिडिओ अमेरिकन कंपन्यांकडे नव्हते. ब्रिटिश कंपन्यांकडे होते. सुरुवातच बगल्स या ब्रिटिश बँडच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ने झाली. ह्यूमन लीगचं ‘डोन्ट यू वाँट मी’ ब्रिटनमध्ये १९८१ च्या नाताळात पहिलं होतं. अमेरिकेत जुलै १९८२ मध्ये, सहा-सात महिन्यांनी. दोन्ही चार्ट शेजारी ठेवले की असे उशीर ठिकठिकाणी दिसतील.

मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’पर्यंत एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकार फारच कमी दिसत. मार्च १९८३ मध्ये ते चित्र बदलू लागलं. ‘बिली जीन’ सात आठवडे पहिलं, एक आठवडा डेक्सिज मिडनाइट रनर्सचं ‘कम ऑन आयलीन’, की लगेच ‘बीट इट’ तीन आठवडे.

वर्षाचं सर्वांत मोठं गाणं कसं ठरवायचे?

‘बिलबोर्ड’चं वर्ष साधारण नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं चाले. म्हणून १९८१ मध्ये पहिलं झालेलं ‘फिजिकल’ १९८२ च्या यादीत अव्वल आहे. इतर वर्षांचे मानकरी: १९८० ब्लाँडीचं ‘कॉल मी’, १९८१ किम कार्न्सचं ‘बेट डेव्हिस आइज’, १९८३ पोलीसचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’, १९८४ प्रिन्सचं ‘व्हेन डव्ह्ज क्राय’. ब्रिटनमध्ये १९८२ ला ‘कम ऑन आयलीन’, १९८३ ला कल्चर क्लबचं ‘कर्मा कमिलियन’ आणि १९८४ ला बँड एड.

बँड एडची गोष्ट वेगाची आहे. २५ नोव्हेंबरला रेकॉर्डिंग, ३ डिसेंबरला विक्री, आणि महिन्याभराच्या आत वर्षातली सर्वाधिक खपलेली सिंगल. त्यामागे पाच आठवडे दुसरं राहिलेलं व्हॅमचं ‘लास्ट ख्रिसमस’ अखेर पहिलं झालं ते १ जानेवारी २०२१ च्या चार्टमध्ये, स्ट्रीमिंगच्या जोरावर.

या चार्टशी आपल्याकडचं खरं नातं काय?

पहिलं नाव फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा. त्याचं शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालं. क्वीनची दोनच गाणी ‘हॉट १००’ मध्ये पहिली आली आणि दोन्ही १९८० मध्ये: फेब्रुवारीत ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ चार आठवडे, ऑक्टोबरमध्ये ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ तीन आठवडे. ब्रिटनमध्ये ही अनुक्रमे दुसरी आणि सातवी. तिथे त्यांना या काळात पहिला क्रमांक मिळाला तो नोव्हेंबर १९८१ मध्ये डेव्हिड बोवीसोबतच्या ‘अंडर प्रेशर’ने.

दुसरं नाव बंगळुरूचा संगीतकार-निर्माता बिड्डू. १९७४ मध्ये त्याने निर्मिलेलं ‘कुंग फू फायटिंग’ अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिलं होतं. १९८० मध्ये त्याच माणसाने ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ केलं. त्या गाण्याचा ठेका हिंदी सिनेमातला का वाटत नाही, याचं उत्तर यात आहे. १९८२ मध्ये शीला चंद्राच्या आवाजातलं, सतार-तबल्याच्या नादावरचं मॉन्सून या गटाचं ‘एव्हर सो लोनली’ ब्रिटनमध्ये बारावं आलं.

आपल्याकडे याच वर्षांत बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हवर अमीन सायानींची गीतमाला ऐकली जायची. तिचा हिशेब दुकानदारांकडची विक्रीची माहिती आणि श्रोता संघांची पसंती असा मिश्र होता, म्हणजे स्वभावाने ती ब्रिटनपेक्षा अमेरिकेच्या जवळची. १९८० चं सरताज गीत ‘डफलीवाले’, १९८१ चं ‘मेरे अंगने में’. गीतमालेतल्या पायदानांची (क्रमांकांची) ‘हॉट १००’ शी आकड्याला आकडा तुलना मात्र करू नका.

एखाद्या आठवड्याची यादी स्वतः लावून ऐकायची असेल तर कशी सुरुवात करावी?

पहिल्या चाळीसवर थांबा. ब्रिटनसाठी ऑफिशियल चार्ट्स कंपनीच्या संकेतस्थळावर आणि अमेरिकेसाठी ‘बिलबोर्ड’च्या संकेतस्थळावर तारखेनुसार चार्ट मिळतात. तक्त्यात सहा रकाने पुरतात: या आठवड्याचा क्रमांक, मागच्या आठवड्याचा, किती आठवडे झाले, कलाकार, गाणं, सर्वोच्च क्रमांक. मग चाळीस ते एक असं उलटं ऐका. रेडिओ वनचा रविवारचा कार्यक्रम तसाच होता. चाळीस गाण्यांना अडीच तासांच्या आसपास लागतील. रेडिओवर ते दोन तासांत बसवण्यासाठी काही गाणी गाळत किंवा मध्येच कापत.

स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त चुका आवृत्तीच्या होतात. कलाकारांनी वीस-तीस वर्षांनी परत गायलेल्या प्रती मूळ नावानेच टाकलेल्या असतात. आवाज जाड, ड्रम्स गुळगुळीत आणि अल्बमचं नाव ‘ग्रेटेस्ट हिट्स’ छापाचं दिसलं तर सावध व्हा आणि प्रकाशनाचं वर्ष व कंपनीचं नाव तपासा. लांबीही बघा. स्पेशल्सच्या ‘घोस्ट टाउन’ची सात इंची आवृत्ती पावणेचार मिनिटांच्या आत आहे, बारा इंची सुमारे सहा मिनिटांची. ‘टेंटेड लव्ह’ मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरलं तर ती बारा इंची आवृत्ती. आणि ‘ब्लू मंडे’च्या नावापुढे १९८८ असेल तर ते नंतरचं मिश्रण, तुमच्या यादीतलं नाही.

जुन्या सिंगल विकत घ्यायच्या आहेत. काय बघावं?

आधी मधलं भोक. अमेरिकन सात इंचीला ते सुमारे ३८ मिलिमीटरचं असतं, त्यासाठी अडॅप्टर लागतो. ब्रिटिश प्रती बहुधा नेहमीच्या बारीक स्पिंडलवर बसतात. ज्यूकबॉक्ससाठी मधला भाग काढून टाकलेल्या ब्रिटिश प्रतीही मिळतात. भोक वेडंवाकडं कापलेलं असेल तर तबकडी मध्यावर बसत नाही आणि सूर लाटेसारखा वरखाली होतो. अशी प्रत घेऊ नका, त्यावर उपाय नाही.

वेग लेबलवर वाचा. ब्रिटिश बारा इंची सिंगल बहुधा ४५ वर, अमेरिकन बऱ्याचदा ३३⅓ वर.

अमेरिकन सिंगलमध्ये बऱ्याच प्रती नेहमीच्या व्हिनाइलच्या नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात: जरा कडक, हलक्या, टिचकी मारली तर कोरडा आवाज देणाऱ्या, लेबल छापून चिकटवल्यासारखं. या खणखणीत दिसतात आणि वाजवल्यावर खरखरतात, कारण झिजलेल्या सुईने खाच खरवडली गेलेली असते आणि ते वरून दिसत नाही. घेण्याआधी वाजवून बघा. अल्कोहोलने कधीही पुसू नका, पृष्ठभाग खराब होतो. शुद्ध केलेलं पाणी, भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. सुईचा दाब काट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकावर दिला असेल तितकाच ठेवा. उडी मारणाऱ्या रेकॉर्डवर दाब वाढवणं हा उपाय नव्हे.

घरी रेडिओवरून भरलेल्या जुन्या कॅसेट सापडल्या आहेत. लगेच वाजवाव्यात का?

आधी डेकचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेटच्या तोंडाशी फीत दाबणारी स्पंजची छोटी गादी बघा. ती गळून पडलेली असेल तर आवाज दबका आणि येता-जाता येईल. दुसऱ्या, स्क्रू असलेल्या कॅसेटच्या खोक्यात फीत हलवली की काम होतं. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मागच्या बाजूची दोन प्लास्टिकची टोकं शाबूत असतील तर ती आधी मोडा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की गेलं. १२० मिनिटांच्या कॅसेटमधली फीत फार पातळ असते आणि चाकात गुरफटते, म्हणून तिला एकदाच वाजवायचं, आणि तेही संगणकावर उतरवून घेताना.

निवेदकाचा आवाज कापू नका. कुठल्या आठवड्याचा कार्यक्रम आहे हे बऱ्याचदा त्याच्या दोन वाक्यांवरूनच ठरतं. तेही नसेल तर सलग येणाऱ्या तीन गाण्यांचे क्रमांक घेऊन चार्टशी ताडून पाहा. तीन क्रमांक ओळीने जुळले तर आठवडा जवळजवळ नक्कीच सापडतो.